जयवंतरावांची परडी

परडी करायला लागतंय काय, असं जयवंतराव म्हणाले आणि गोत्री भागातल्या त्या सोसायटीचे ग्रह तिथेच फिरले. बाजव्याच्या रिफायनरीत तेहतीस वर्षं मापयंत्रं दुरुस्त केलेला माणूस! बांबूच्या चार कामट्या एकमेकींत अडकवायला त्यांच्या हिशेबाने आठ दिवस म्हणजे चैन होती. वर्षश्राद्धाला तर अजून तीन आठवडे होते.

वर्षश्राद्ध निरुपमाबाईंचं, त्यांच्या बायकोचं. परडीचं दुखणंही तिथलंच. बाईंची एक बांबूची परडी होती, माहेराहून आलेली. सकाळी तीत तगर, जास्वंद, कण्हेर वेचून आणायच्या. तिचं बूड झिजलं होतं, काठ सुटला होता. एक दिवस जयवंतरावांनी न विचारता ती कचऱ्यात दिली आणि मंगळबाजारातून गुलाबी प्लॅस्टिकची नवी आणली. तेव्हा बाजारात प्लॅस्टिकचा नुसता पूर आला होता. बाई काही बोलल्या नाहीत, हसल्या फक्त. पण दुसऱ्या दिवसापासून फुलं पदरात आणायला लागल्या. सहा महिने पदरातच! ती गुलाबी परडी घरात पुन्हा दिसलीसुद्धा नाही. राग आलाय हे जयवंतरावांना कळत होतं, पण विचारायचं कसं? आज विचारू, उद्या विचारू करताकरता एका दुपारी बाईच गेल्या, दवाखान्यात न्यायचीही सवड न देता. तेव्हापासून तो पदर त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. श्राद्धाला फोटोपुढची फुलं बांबूच्या परडीत असली पाहिजेत आणि ती परडी आपल्या हातची पाहिजे, एवढं एकच त्यांना हवं होतं.

समाच्या रस्त्याकडेला जिवीबेन नावाची गुजराती म्हातारी टोपल्या विणत बसे. जयवंतराव तिच्यापुढे ड्रॉइंग घेऊन गेले. उभ्या कामट्या सोळा, आठ इकडे, आठ तिकडे, मिलिमीटरचा फरक नाही. जिवीबेनने कागद उलटा धरून कौतुकाने पाहिला आणि त्यांनी मोजून आणलेल्या सोळांतली एक कामटी उपटून बाजूला ठेवली. "एक काढी नाखो, काढून टाका, साहेब. सगळ्यांची जोडी जमली तर वीण धरत नाही. एक एकटी पाहिजे."

साहेबांना हे पटलं नाही. एवढ्या मोजून काढलेल्या आकृतीत एक कामटी उंडगी कशी सोडायची? त्यांनी सोळाच ठेवल्या. दर फेरीला आडवी कामटी त्याच त्या उभ्या कामट्यांवरून जाई, आणि संध्याकाळी उचलायला गेलं की सगळी वीण हातात येई. तीन वेळा आली. मग त्यांनी निदान केलं की दोष आकड्यात नाही, बांबूच कोरडा आहे.

कामट्या ओल्या पोत्यात ठेवा, असं जिवीबेन म्हणाली होती. ओलं पोतं म्हणजे किती ओलं, याला काही माप? जयवंतरावांनी आठवडाभर पूर्ण बुडवून ठेवायचं ठरवलं. लांबच लांब कामट्या मावतील असं घरात काही नव्हतं. मावतील अशी एकच जागा होती: गच्चीवरची टाकी, बत्तीस बिऱ्हाडांची.

तिसऱ्या दिवशी नळाला शेवाळाचा वास आला. पाचव्या दिवशी कशाचा आला ते न सांगितलेलं बरं. टाकीत वानर पडून मेलंय, असं कुणीतरी म्हणालं आणि बायकांनी शिजलेला स्वयंपाक फेकून दिला. दोन घरांत गंगाजल शिंपडलं गेलं. जयवंतरावांना सगळं कळत होतं. पण तोंड उघडायचं त्यांना याही वेळी जमलं नाही. उलट वानरच असणार, अशी मान डोलावून आले.

सेक्रेटरी मल्हाररावांनी टाकी रिकामी करवली. बत्तीस घरांचं पाणी गटारात गेलं आणि तळाशी कामट्यांची जुडी निघाली. आता रिफायनरीचा माणूस काहीही ठेवताना त्याला खुणेचा बिल्ला लावल्याशिवाय राहील? जुडीला पितळी बिल्ला होता. त्यावर नीट कोरलेलं: जयवंतराव, ब-७, फुलपरडी.

सगळी सोसायटी खाली जमली. मल्हारराव काय बोलायचं ते तयार करूनच आले होते. "जयवंतराव, हा काय प्रकार आहे?"

बांबूतल्या पाण्याच्या प्रमाणावर जयवंतरावांनीही उत्तर तयार ठेवलं होतं. पण तोंडातून भलतंच आलं. "हिची परडी मी टाकून दिली हो," ते म्हणाले आणि वर्षभर न रडलेला माणूस बत्तीस बिऱ्हाडांसमोर ढसाढसा रडला. कुणीतरी पाणी आणायला सांगितलं, पण पाणी होतं कुठे? मल्हाररावांनी तयार केलेलं भाषण गिळलं आणि स्वतः जुडी उचलून ब-७ मध्ये पोचवली.

जयवंतरावांनी एक कामटी काढली. पंधरावर वीण बसली आणि बसलेलीच राहिली. परडी एका अंगाला कलली होती, थोडा वासही मारत होती, पण परडी होती.

श्राद्धाच्या सकाळी मुलगी प्राची पुण्याहून आली. फोटोपुढची परडी पाहून तिने विचारलं, आणि जयवंतरावांनी अखेर सगळं सांगितलं. गुलाबी परडी, पदर, आईचा राग.

प्राचीने स्टुलावर चढून माळ्यावरून एक गाठोडं काढलं. जुन्या लुगड्यात, वर्तमानपत्राच्या घडीत गुलाबी परडी होती, कोरी करकरीत.

"राग कसला, बाबा? मला फोनवर म्हणाली होती, लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी आपणहून माझ्यासाठी काहीतरी आणलंय. रोज वापरून मळवायची नाही."

जयवंतराव ती परडी मांडीवर घेऊन बसले. गुरुजी दोनदा हाक मारून गेले. एक प्रश्न विचारायचा होता, एकच, आणि सहा महिन्यांत तो विचारला नाही, हे त्यांना आता कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

परवा सकाळी मल्हाररावांना ते बागेत भेटले. सदऱ्याचा घोळ धरून त्यात तगरीची फुलं.

"अहो, एवढी परडी केलीत ना?"

"केली ना. दोन्ही माळ्यावर आहेत," जयवंतराव ओशाळून म्हणाले. "मळतील हो वापरून."