मोकळ्या प्याद्याचे मार्क

आमच्या बेळगावच्या कॉलेजात १९८७ साली संगणक आला. तो चालवणारं कुणीच नव्हतं, म्हणून सहा वर्षं हंगामी नोकरीत खितपत पडलेला निपाणीचा धर्मराज एकाएकी उपयोगी पडला. त्याची आई सुलाबाई हिनं तंबाखूच्या वखारीत राबून त्याला शिकवलं. पोरगं हुशार, हे मी संस्थेचा अध्यक्ष असूनही कबूल करतो.

त्यानं यंत्राला बुद्धिबळ शिकवलं. टिळकवाडीचे वकील मारुतीराव म्हणजे पट्टीचे खेळाडू. स्नेहसंमेलनात यंत्रानं त्यांना हरवलं तर धर्मराजला कायम करायचं, असं मी भर सभेत बोलून बसलो. बोलायला आपलं काय जातं!

गणिताच्या वासंतीबाईंनी प्रोग्रॅम तपासला आणि कपाळाला हात लावला. ज्या प्याद्याच्या वाटेवर आणि शेजारच्या पट्ट्यांत शत्रूचं एकही प्यादं उरलं नाही, अशा मोकळ्या प्याद्याला यंत्र घरागणिक वाढते मार्क देत होतं.

"पुढं गेलं म्हणून जादा मार्क? आणि जागेवर राहून राजाची सेवा करणाऱ्यांनी काय पाप केलं?"

"मॅडम, शेवटच्या घरात ते वजीर होतंय. जितकं जवळ, तितकी किंमत."

"थेट वजीर? कालचं प्यादं?" मी दचकलोच.

कमिटी नेमली. तीनदा चहा झाला आणि ठराव पास झाला. मार्क मूळ घरातल्या वास्तव्यावर. पुढे सरकल्यास सेवाज्येष्ठता खंडित. वजीर झालंच, तर दोन वर्षं प्याद्याच्याच मार्कांवर.

"सर, खेळाचा नियम हाय तो."

"नियम खेळाचा असेल. मार्क कॉलेजचे आहेत."

धर्मराजनं ठरावाप्रमाणे आकडे भरले. कायम व्हायचं होतं ना बिचाऱ्याला!

संमेलनाच्या दिवशी मारुतीराव गप्पांच्या नादात मोहरे फुकट देत सुटले. ते खात खात यंत्राचं एक प्यादं शेवटून दुसऱ्या घरात पोचलं. समोर चिटपाखरू नाही. यंत्रानं वीस मिनिटं विचार केला आणि राजा डावीकडे नेला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

"अहो, ढकला की ते! मी हरलोय!" मारुतीराव ओरडले.

पण यंत्र ठरावाबाहेर जाईना. शेवटी वकिलांनी उरलेल्या हत्तीनं नाइलाजानं मात केली.

"एकच घर होतं वो, सर," धर्मराज म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मलाही वाईट वाटलं. तसं मी अहवालात नोंदवलं आणि त्याच अहवालात, पराभवास प्रोग्रॅम लिहिणारा जबाबदार, असंही नोंदवलं.

महिन्याभरात बेंगळूरच्या एका कंपनीनं त्याला नेलं. जाण्याआधी त्यानं आमचे आकडे पुसले आणि हसत म्हणाला, "बसा की सर, यंत्रासंगं एक डाव." अकरा खेळ्यांत माझा राजा आडवा. लबाड कुठला!

त्याच्या जागी माझा भाचा घेतला आहे, कायम. तो संगणकावर रोज स्वच्छ चादर घालतो.

आता बढतीच्या कमिटीवर एक सभासद हवा आहे. अन्याय बघून मनापासून हळहळणारा, पण मधे न बोलणारा. इथवर वाचताना आपण हळहळलात, म्हणून आपलं नाव घातलं आहे. हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावी. न कळवल्यास आपली संमती धरू, दरवेळी धरतो तशी.