डाव्या बुटातली किल्ली

गोष्टीवाल्या बाईंनी शनिवारी सकाळी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं ते निव्वळ मायेपोटी. व्हिडिओवर जमणाऱ्या त्यांच्या आठ चिमुकल्या श्रोत्यांपैकी एकाला ताप होता. त्याची गोष्ट बुडू नये, एवढाच हेतू. गोष्ट संपल्यावर त्या म्हणाल्या, "आता तुम्ही मला घरातली एकेक गंमत सांगा." पोरांना तेवढंच हवं होतं. तास संपताच बाईंनी रेकॉर्डिंग पालकांच्या ग्रुपवर टाकलं आणि भाजी निवडायला बसल्या.

अर्धी जुडीही झाली नसेल, फोन वाजला.

"बाई, आमच्या कार्टीनं घराची किल्ली कुठे असते ते सांगितलंय! चपलांच्या कपाटात, डाव्या बुटात! वर घराचा नंबरसुद्धा!"

"अहो, पण ग्रुपवर सगळी आपलीच माणसं..."

"आपलीच? एकानं ते त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय, पोरं गोड बोलतात म्हणून! मी निघालेय कुलूप बदलायला."

बाई रेकॉर्डिंग पुसायला धावल्या, तोच दुसरा फोन. हा बाप कुजबुजत होता. "पोरगं म्हणालं, बाबांची पाठ दुखत नव्हतीच, ते मॅच बघत होते. बाई, आमचे साहेबही याच ग्रुपवर आहेत हो!"

बाईंनी रेकॉर्डिंग पुसलं, सोसायटीवाल्यांनाही हातापाया पडून पुसायला लावलं. घाम टिपतात तोवर खुद्द साहेबांचा फोन.

"साहेब, त्या बिचाऱ्याला सांभाळून घ्या..."

"कुठला बिचारा? मी आमच्या चिरंजीवांपर्यंतच पाहिलं, पुढे धीरच झाला नाही! म्हणे, बाबा आरशासमोर रागवायची प्रॅक्टिस करतात. आमच्या ऑफिसातलं कुणी नाही ना हो ग्रुपवर?"

"सगळं पुसलंय," बाई घाईघाईनं म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी आधी मुलांसमोर कान पकडले. "तुमचं बोलणं मी तुम्हाला न विचारता पाठवून दिलं. चुकलं माझं. यापुढे तुम्ही आणि आईबाबा, दोघंही हो म्हणालात तरच. आज रेकॉर्डिंग बंद."

साहेबांच्या चिरंजीवांनी कॅमेऱ्याला नाक लावलं. "नक्की बंद?"

"अगदी नक्की."

"मग बाबांचं उरलेलं सांगू?"

त्याच्या मागे धाडकन खुर्ची पडली, आणि त्याची चौकट काळी झाली.