माझ्या हातचं दाट सूप

जेवणाबद्दल मी या घरात यापुढे अवाक्षर काढायचं नाही, असं ठरलं आहे. लिहायचं नाही असं मात्र कुणी म्हणालेलं नाही. तेव्हा लिहितो.

मला सांगा, सूप पाकिटातून यावं का? पावडर भांड्यात रिकामी करायची, वर पाणी ओतायचं, चमचा फिरवायचा आणि हाक मारायची, "चला, जेवायला बसा!" याला जेवण म्हणतात? मी पुस्तकबांधणी करतो. घराच्या खालीच माझं दुकान आहे. पिठात पाणी ओतून ढवळलं की काय तयार होतं, हे मला कुणी शिकवू नये. त्याला खळ म्हणतात आणि ती पुठ्ठ्याला लावतात. माणसांना वाढत नाहीत.

बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवून दमते, मान्य. पण दमली की पाकीट फोडते, आणि पाकीट फोडायचंही त्राण नसलं की आम्ही कोपऱ्यावरच्या खानावळीत जातो. तिथे पाटी आहे : 'घरच्यासारखे जेवण'. घरच्यासारखे! मी चामड्यासारख्या दिसणाऱ्या कापडात पुस्तकं बांधतो, म्हणून ते कापड चामडं होत नाही. (गिऱ्हाइकाला तसं सांगतो, ते वेगळं.)

एके दिवशी माझं टाळकं सरकलं. फडताळातलं सुपाचं पाकीट उचललं, दुकानात नेलं, भिंग लावून मागची बारीक अक्षरं वाचली, पाकीट भिंगाखालीच टाकलं आणि तसाच वर येऊन गरजलो, "घट्ट करणारा पदार्थ! टिकवणारा पदार्थ! रंग! यात खायचं काय आहे?"

"तुमच्या खळीत तरी दुसरं काय असतं?" बायको म्हणाली. "टिकायला मोरचूद तुम्हीही घालताच की."

"ते उंदरांसाठी!"

हे खरं आहे. मोरचूद म्हणजे ते निळं विष. खळीत ते नसलं, तर माझ्या दुकानातले उंदीर सकाळपर्यंत पुस्तकाचा कणा चाटूनपुसून साफ करतात. एका वकिलाचा अख्खा कायदा त्यांनी पचवलेला आहे.

"एवढी घरच्या अन्नाची चाड आहे, तर करा ना तुम्ही," बायको म्हणाली. "रविवारी. सूप. आई आलेलीच आहे, ती पंच."

सासूबाई नवी कवळी बसवून घ्यायला आमच्याकडे आल्या होत्या. त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "जावईबापू, मऊ असू द्या हो काहीतरी."

"सगळ्यांच्या वाट्या रिकाम्या झाल्या, तर पाकिटं घराबाहेर," बायकोने अट घातली. "नाही झाल्या, तर जेवणाबद्दल तुम्ही जन्मात एक शब्द काढायचा नाही."

आता विचार करा. जेवणाला नावं ठेवण्याचा हक्क काढून घेतला, तर नवऱ्याने संध्याकाळी घरी येऊन बोलायचं कशाबद्दल? पण मी भरात होतो. "मंजूर!" म्हणालो. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

रविवारी मी भोपळा आणला. सोलला, चिरला, शिजवला, घोटला. (भोपळा सोलताना तो दोनदा जमिनीवर आणि एकदा माझ्या पायावर पडला, पण वेदनेशिवाय कला नाही.) इथवर सगळं झकास झालं. मग पातेल्यात डोकावलो, तर सूप पाण्यासारखं पातळ! डावातून नुसतं ओघळतंय. असलं पातळ काम माझ्या नजरेला सहन होत नाही. पुठ्ठ्यावर थेंब टाकला तर तो जागचा हलता कामा नये, हे आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व.

तेव्हा मी थंड पाण्यात पीठ कालवलं, गुठळी न होऊ देता धार धरली, आणि हात एकाच दिशेने फिरवत राहिलो. इतकी वर्षं हात हेच करत आला आहे. त्याला मला काही विचारावं लागलं नाही. अजून थोडं पीठ. अजून थोडं. शेवटी पातेल्यातल्या त्या ऐवजाला अशी काही तकाकी आली, की माझा मीच गहिवरलो. फडक्यातून गाळून घेतलं, वर ओलं कापड घातलं आणि निवायला ठेवलं.

"चाखून पाहिलंत का?" बायकोने दारातून विचारलं.

मी नुसता हसलो. भांड्यातलं चाखायचं नसतं, हे आमच्या धंद्यातलं दुसरं तत्त्व. ते मोडणारे बाइंडर आज आपल्यात नाहीत.

"मोरचूद नाही ना घातलंत?"

"काहीतरीच काय! शुद्ध घरचं आहे!"

पानं मांडली. वाट्या भरल्या. (भरल्या म्हणजे, डाव आपटून आपटून सूप त्यांत उतरवलं.) मान म्हणून पहिला चमचा सासूबाईंचा. त्यांनी तो तोंडात घातला, तोंड मिटलं, आणि डोळे मोठे केले.

"कसं झालंय, आई?" बायकोने विचारलं.

"म्म्म," सासूबाई म्हणाल्या.

"ऐका!" मी म्हणालो.

"आई, खरं सांग हं. जावई आहे म्हणून भीड धरू नकोस."

"म्म्म्म!" सासूबाईंनी टेबलावर हात आपटला.

"टेबल वाजवून दाद!" मी उभाच राहिलो. "पाकिटातल्या सुपाला कधी टेबल वाजवलं होतं त्यांनी? बघ, बघ, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या! याला म्हणतात माणसाच्या हातची चव. अगं, पूर्वी माणसं..."

"बाबा," मुलगी म्हणाली, "आजीचं तोंड उघडत नाहीये."

माझं भाषण तिथेच थांबलं. वरची कवळी खालच्या कवळीला घट्ट चिकटली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला असं लोक मला नेहमी म्हणतात. सासूबाईंची जीभ टाळ्याला लागली होती आणि तिथेच राहिली होती.

"ओढू नका!" मी ओरडलो. "कोमट पाण्याचा फडका लावा, धीर धरा आणि कडेपासून हळूहळू सोडवा. नाहीतर फाटेल!"

"काय फाटेल?" बायकोने विचारलं.

मी फडका आणायला धावलो. जुन्या पुस्तकाचा कणा सुटा करायची ती रीत आहे.

बायकोने आईला मोरीपाशी नेलं. कोमट पाण्याच्या चुळांवर चुळा झाल्या, तेव्हा कुठे तोंड उघडलं. परत येऊन सासूबाई बसल्या, पदराने ओठ पुसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, पाकिटातलं काही आहे का हो?"

मी शेवटचा प्रयत्न म्हणून स्वतःच्या वाटीतला चमचा उचलला. चमच्याबरोबर वाटीही वर आली. मुलगी खो खो हसत सुटली.

"पंचांचा निकाल लागला," बायको म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या. आम्ही कोपऱ्यावर गेलो. सासूबाई 'घरच्यासारखे जेवण' दोन वेळा मागून जेवल्या. मी तोंड फक्त घासापुरतं उघडलं.

घरी आल्यावर पातेलं तसंच होतं. मुलीने तिचा अ‍ॅटलास आणला. त्याचा कणा केव्हाचा निखळला होता. "बाबा, हे वाया कशाला घालवायचं? याने चिकटव ना." मी खाली जाऊन चिकटवला. खोटं कशाला सांगू, इतकी एकजीव खळ माझ्या हातून आजवर झाली नव्हती.

"मोरचूद नाहीये त्यात," बायको जिन्यावरून म्हणाली. "उंदीर फडशा पाडतील."

"पाडू देत," मी म्हणालो. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मनातून मला तेच हवं होतं. घरचं अन्न आहे, कुणाच्या तरी मुखी लागावं. चाटलेला कणा बायकोला दाखवायचा. बोलायची बंदी होती, दाखवायची नव्हती. म्हणून मी अ‍ॅटलास मुद्दाम उंदरांच्या बिळासमोर ठेवला.

सकाळी उठून आधी दुकान उघडलं. त्या दिवशी भिंगाखाली टाकलेलं ते सुपाचं पाकीट उंदरांनी फोडून फस्त केलं होतं. पावडरीचा कणसुद्धा उरला नव्हता, वर पाकिटाची आतली बाजू चाटून लखलखीत केली होती. अ‍ॅटलास मी उलटून पाहिला, सुलटून पाहिला, तेच भिंग लावून पाहिला. कण्यावर एका दाताची खूण नव्हती.

"काय म्हणतात उंदीर?" बायकोने वरून विचारलं.

प्रश्न जेवणाबद्दलचा होता. ठरल्याप्रमाणे मी काही बोललो नाही.