कळसावाचून निशाण

श्री महासरोवर प्रसन्न असो. बर्फभंग नाम संवत्सरे, उन्हाळ्याचे प्रथम पक्षी, उत्तरेकडील राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहिले आहे. मीठमसाला पदरचा, तो अल्पच.

ते राज्य सरोवराचे काठी. त्याचे तळी पाणवाघ राही. अंग वाघाचे, मस्तकी शिंगे, शेपूट लखलखीत तांब्याचे, आणि मधल्या बेटावरील तांबे अवघे त्याचे. म्हणोन रिवाज ऐसा की, होडी लोटण्यापूर्वी पाण्यास चिमूटभर तंबाखू वाहावी व वाट मागावी. इतके सोपे. परंतु सरदार माकवा यांचे चित्ती आले की, आपले निशाणाचे काठीस तांब्याचा कळस हवा. हुजरे वाहवा म्हणाले. हुजऱ्यांस दुसरे काय येते! मग नोदिन तांडेल व त्याचे दोघे गडी यांस संगे देऊन हुजरे बेटावर रवाना केले. नोदिन म्हणाला, आधी विचारू. हुजरे हसले आणि न विचारता तांब्याचा मोठा धोंडा उचलिला. धोंडा जड, होडी लहान. मग धोंडा आत घेतला आणि नोदिनास गड्यांसह बेटावर ठेविले, की दुसरे खेपेस आणू.

दुसरी खेप कसची! होडी तीरास लागताच सरोवर खवळले ते निवेना. नोदिनाची बायको ओदेमिन काठावर बसून बेटावरचा धूर पाही, आणि धूर रोज बारीक होई, आणि तिचे काळीज तुटे. हुजऱ्यांनी मसलत करून तंबाखूची पोतीच्या पोती दुरून फेकिली. ती लाटेने ओली करून सरदारांचे पायाशी परत आणून टाकिली. मग ओदेमिनीने पाणवाघास परत द्यावयास धोंडा मागितला. सरदार बोलिले, धोंडा गेला तर कळस कशाचा?

ती म्हणाली, "महाराज, कळसावाचून निशाण उभे राहते. तो धूर विझला तर माझे घर उभे राहणार नाही."

सरदारांनी धुराकडे पाहिले. मग धोंडा होडीत ठेवविला. ओदेमिनीसंगे वल्हवावयास दुसरे कोणी हवे, तो हुजऱ्यांची पोटे एकदमच दुखू लागली. मग खासे सरदारच वल्हे घेऊन बसले. हात सोलले, पाणी तोंडात गेले, परंतु वल्हे सोडिले नाही, हे त्यांस शोभले.

मध्यावर येताच पाणी दुभंगोन शिंगे वर आली. ओदेमिनीने चिमूटभर तंबाखू वाहिली आणि म्हणाली, "तुमचे तुम्हांस आणिले आहे. माझी माणसे न्यावयाची आहेत. वाट द्या."

पाणवाघ तिजकडे पाहीना. सरदारांकडेच पाहत राहिला. तेव्हा सरदारांनी मस्तकीचे पीस उतरोन मान लवविली.

"नेले ते मी. विचारले नाही. चुकलो."

मग दोघांनी मिळोन धोंडा पाण्यात सोडिला. तांब्याचे शेपूट एकदा झळकले आणि सरोवर निजल्यासारखे जाहले. बेटावर नोदिन व गडी वाळले होते, परंतु जिते होते. ओदेमिन नवऱ्यास पाहोन रडली आणि इतके दिवस लावल्याबद्दल रागेंही भरली. होडी तीच, लहान. धोंड्याचे जागी तिघे बसले आणि पुरेशी जागा जाहली.

एकूण मजकूर येणेप्रमाणे. त्या राज्याचे निशाणास अद्याप कळस नाही. परका कोणी विचारील तर काठावरची पोरेही सांगतात की, त्याचे बदली आम्ही तीन माणसे घेतली.