"येते मी" म्हणजे नक्की काय?

लॉन्ड्रीवाल्या काकूंची एक सवय सगळ्या गल्लीला पाठ होती. दुकानातून कोणी "जातो" म्हणून निघालं की त्या त्याला पायरीवरून परत बोलवायच्या. विजेचा मीटर बघायला आलेला माणूस एकदा "चला, जातो काकू" म्हणाला, तर टांगलेल्या शर्टांमागून आवाज आला, "जातो काय? येतो म्हणावं!"

"अहो, बिल घेऊन येणारच आहे की मी."

"मग म्हणायला काय होतं?"

बिचारा "येतो" म्हणाला आणि गेला.

या काकूंची मुलगी खारू. खरं नाव वेगळं, पण लहानपणापासून एका जागी बसली नाही म्हणून बापाने ठेवलेलं हेच नाव चिकटलं. तिने चष्मा आणि ढोल्या या दोन मित्रांना हाताशी धरून, महिनेन् महिने खपून, मोबाइलवर एक चित्रपट काढला. गोष्ट साधी होती. तीन मित्र, लहानसं गाव, आणि गाव सोडायचं की नाही याचा घोळ. नट आणायला पैसे नव्हते, म्हणून तिघांनी स्वतःच कामं केली आणि आईचं काम आईलाच दिलं.

काकूंना लेकीचं कौतुक होतंच, पण एक धास्तीही होती. शर्टांच्या मागे उभ्या असताना खारूचं फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं. शहरातल्या एका स्टुडिओत तिला चित्रपट कापण्या-जोडण्याचं काम मिळत होतं आणि होय की नाही ते पुढच्या शनिवारपर्यंत कळवायचं होतं. घरात मात्र पोरीने चकार शब्द काढला नव्हता. सरळ विचारावं, तर चोरून ऐकल्याचं उघड होणार. तेव्हा काकूंनी ठरवलं, चित्रपटातली मुलगी काय करते ते बघायचं. लिहिणारी हीच, काम करणारी हीच, मग उत्तर वेगळं कुठून येणार?

रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये खेळ लागला. पडदा म्हणून खारूच्या बापाने, म्हणजे काकांनी, दुकानात धुवायला आलेली एक डबल चादर आणली होती. ती बँकेच्या साहेबांची होती आणि साहेब पहिल्याच रांगेत बसले होते.

"काय पांढराशुभ्र पडदा आहे हो," ते काकांना म्हणाले. "आमच्याकडेही अशीच एक चादर आहे, पण तिला ही सर नाही."

काकांनी त्यानंतर साहेबांकडे बघितलंच नाही.

चित्रपट रंगला. शेवटचा प्रसंग आला. चष्मा आणि ढोल्या बसमध्ये बसलेत, खिडकीतून ओरडतायत, "येतेस ना?" इकडे रस्त्याच्या कडेला आई उभी, तीही विचारते, "येतेस ना?" मधे खारू, बॅगेची चेन लावतेय, मान खाली. मग ती मान वर करते, चेहऱ्यावर काहीतरी विलक्षण उमटतं, आणि ती म्हणते, "येते मी."

आणि हॉलमध्ये मिट्ट काळोख झाला.

खेळ संपला की सगळ्यांना गरम चहा मिळावा म्हणून काकूंनी विजेची किटली लावून ठेवली होती. ती नेमकी प्रोजेक्टरच्याच बोर्डावर, आणि फ्यूज नेमका तेव्हाच उडाला. फ्यूज बदलला, पण प्रोजेक्टरने मान टाकली ती टाकलीच.

"गेली बुवा पोरगी," काळोखात कोणीतरी म्हणालं.

"गेली कशी? आईला म्हणाली ना, येते!"

"आईला नाही, मित्रांना!"

"बघत कुठे होती?"

"तुमचं डोकं मधे होतं, आम्हाला काय दिसतंय!"

वाचनालयाच्या पायऱ्यांवर गल्लीत दोन तट पडले. घरी येताना काकूंनी काकांना हळूच विचारलं, "अहो, कोणाकडे बघून म्हणाली हो ती?"

"मी चादरीला सुरकुती पडत नाही ना, ते बघत होतो," काका म्हणाले.

पुढचे चार दिवस लॉन्ड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवट काय ते काढून घ्यायला लोक धुतलेले कपडे पुन्हा इस्त्रीला आणू लागले. व्याकरणाचे निवृत्त मास्तर तर एकच पँट तीनदा घेऊन आले. त्यांच्या मते प्रश्न दोन बाजूंचा नव्हताच. "अहो, निरोप घेतानाही आपण येते म्हणतो. तेव्हा मित्रांना येते म्हणाली असेल, तर गेली किंवा राहिली. आईला म्हणाली असेल, तर राहिली किंवा गेली," त्यांनी खुलासा केला. त्यामुळे उरलेसुरलेही गोंधळले.

काकूंची झोप उडाली. शेवटी गुरुवारी त्यांनी घड्या घालता घालता विषय काढला.

"काय गं, ती मुलगी..."

"कुठली?"

"तुझ्या पिक्चरमधली. स्वेटर घेतलाय का तिने बॅगेत?"

"आई, ती जाते की नाही तेच अजून कुठे ठरलंय?"

"नाही, म्हणजे गेलीच तर. तिकडे थंडी असते."

"घेईल ती."

"राहिली तर प्रश्नच नाही."

"विचारून सांगते तिला," खारू म्हणाली आणि आईकडे बघत राहिली.

शुक्रवारी दुसरा प्रोजेक्टर आला. हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. काकूंनी किटली घरी कपाटात कुलूप लावून ठेवली होती. पुन्हा तो प्रसंग आला. येतेस ना, येतेस ना, बॅगेची चेन, वर झालेली मान, "येते मी." पुन्हा काळोख.

"काकू!" सगळा हॉल ओरडला.

"अहो, मी काही लावलेलं नाही!"

लावलंच नव्हतं. पंखे गरगर फिरत होते. मग पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. आईच्या भूमिकेत: आई.

"म्हणजे संपला?" बँकेचे साहेब उठून उभे राहिले. "रविवारी फक्त एवढंच राहिलं होतं? अगं, पण ती गेली की राहिली?"

कोणीतरी दिवा लावला आणि खारू पुढे आली. "मी लिहिलं होतं, 'जाते मी, आई.' साधं, सरळ. पण मी तोंड उघडलं, 'जाते' म्हणाले, आणि आईने कॅमेऱ्यासमोरच मला झापलं. जाते काय? येते म्हणावं! मग मी म्हणाले, येते मी. ऊन उतरलं होतं, पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. आईचं झापणं तेवढं कापलं."

चेहऱ्यावरचं ते विलक्षण काय होतं, ते आता सगळ्यांना कळलं. हॉल खो खो हसत सुटला. साहेब तेवढ्यात पडद्यापाशी जाऊन चादरीच्या कोपऱ्यावरची लॉन्ड्रीची खूण वाचायला लागले होते, म्हणून काका दिवा घालवायला धावले.

काकू हसल्या नाहीत.

"म्हणजे तू जाते लिहिलं होतंस," त्या खारूजवळ येऊन म्हणाल्या. "तो फोन यायच्या आधीच."

"कुठला फोन?"

काकूंनी जीभ चावली. "शर्टांच्या मागे होते मी."

खारूने आईला कडेला ओढलं. मग हळू आवाजात म्हणाली, "अजून कळवलं नाही मी काही. लिहिताना सगळं पक्कं होतं गं. तू येते म्हणायला लावलंस, आणि मग मलाच कळेना, मी कोणाकडे बघून म्हणाले ते."

काकूंचे डोळे भरून आले. मुलीने जावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. पण आपल्या एका शब्दाने ती अर्ध्या पायरीवर उभी राहावी, हे त्याहून नको होतं.

"उद्या कळव," त्या म्हणाल्या. "होय म्हणून. आणि स्वेटर मी धुऊन ठेवलाय."

खारू सोमवारी निघाली. चित्रपटात बसमधून गाव सोडणारे चष्मा आणि ढोल्या खाली काकूंशेजारी उभे राहून हात हलवत होते. एकाला मामाचं औषधांचं दुकान सांभाळायचं होतं, दुसऱ्याला गाव सोडायचा कंटाळा. खारूने पायरीवर पाय ठेवला, वळली, आणि "येते मी" म्हणाली. या वेळी ती कोणाकडे बघून म्हणाली, याबद्दल कोणाला शंका राहिली नाही.

दुपारी मीटरवाला बिल घेऊन आला. "काय काकू, मुलगी गेली म्हणे?"

शर्टांच्या मागून आवाज आला. तो थोडा ओला होता.

"गेली काय? येते म्हणालीय."

"म्हणजे?"

"म्हणजे येईल," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा शर्ट इस्त्रीला घेतला.