डोमाभाऊंकडे नापास झालेले हेडफोन

नवा हेडफोन कानात घातला की डोमाभाऊ सगळ्यात आधी मूठभर फुटाणे खातात. गाणं चालू, फुटाणे चालू, डोळे मिटलेले. कुडुमकुडुम गाण्याच्या वर गेलं, की हेडफोन काढून डबीत ठेवतात आणि निकाल सांगतात, "नापास."

डोमाभाऊ आमचे शेजारी. वरठीच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि लोक भजनी मंडळात जातात तसे हे हेडफोनमध्ये गेले. वस्तीत कुणीही वायरलेस हेडफोन मागवला, की परत करायची मुदत संपायच्या आत तो डोमाभाऊंच्या अंगणात, लिंबाखाली हजर होतो. शिवाय लाखनीला हायवेवर त्यांच्या भाच्याचं मोबाइलचं दुकान आहे. नवा माल आला की मामा मोटारसायकल काढतात. भाचा बिचारा माल लपवतो, पण मामांना तो सापडतोच.

निकाल तीनच. पास, नापास आणि एटीकेटी. जाहिरातीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "डब्यावर तर काईबी लिवतेत जी," ते म्हणतात, "आपन आयकून पाहू ना."

ऐकून पाहणं म्हणजे काय, ते एकदा बघण्यासारखं आहे. फुटाण्यांतून सुटलेला हेडफोन रेल्वे फाटकावर जातो. मालगाडी धडधडत जात असते आणि डोमाभाऊ फाटकाला टेकून, मान डोलवत उभे असतात. तिथून पुढे करडी गावचा रस्ता. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खड्ड्यांतून सासुरवाडीपर्यंत जाऊन यायचं. वाटेत कानातून पडला तर नापास. सासुरवाडीचे लोक म्हणतात, हेडफोनच्या निमित्तानं का होईना, जावई येतो तरी.

एकदा कुणाच्या तरी हेडफोनबद्दल ते घरात म्हणाले, "याच्यात बास लय आहे." त्यांच्या बायकोनं, वच्छलावहिनींनी, तो उचलून नाकाशी नेला, हुंगला आणि म्हणाल्या, "काई बास येत नाई जी. तुमच्या दुपट्ट्याचीच आसंन." डोमाभाऊंनी तेव्हापासून बास हा शब्द सोडला. आता ते 'ढोलकीचा जोर' म्हणतात.

शेवटची परीक्षा भांडणाची. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. करडीच्या अशाच एका नाटकाचा साउंडवाला डोमाभाऊंच्या ओळखीचा निघाला. त्यातल्या नवरा-बायकोच्या भांडणाचं रेकॉर्डिंग त्यांनी त्याच्याकडून खास करून घेतलं. नवऱ्याचा आवाज डाव्या कानात, बायकोचा उजव्या कानात. स्टिरिओ म्हणजे काय, हे डोमाभाऊंना विचारलं तर ते सांगतात, "दोघायचं भांडन बरोबर समजलं पायजे. एकाचंच आयकून निकाल कसा द्याव?"

हे मला सगळं ऐकीव माहीत होतं. मी स्वतः त्या लिंबाखाली जायचं टाळत होतो.

त्याचं कारण माझा उजवा कान. एका तापात तो गेला तो गेलाच. मी शाळेत शिक्षक. उजवीकडच्या बाकांवरून कुणी काय बोलतं ते मला कळत नाही, हे पोरांना समजलं तर माझा वर्ग संपलाच, अशी मला धास्ती होती. बायको सोडली तर कुणाला सांगितलं नव्हतं. गाणी ऐकायचा मला फार नाद होता, तोही सोडून दिला. एका बाजूनं ऐकायचं तर कधी बासरी गायब, कधी गाणारीच गायब. अर्धं गाणं ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं. पण चैन पडत नव्हतं, हेही खरं.

एका रविवारी डोमाभाऊंनी मला माझ्या घराच्या फाटकातूनच ओढत नेलं. "या ना सर, दोन शिकलेले कान पायजेत." 'दोन' ऐकून मी वह्या तपासायच्या आहेत असं सांगून पाहिलं. त्यांनी हेडफोन माझ्या कानांत बसवला आणि भांडण लावलं. मला फक्त नवरा ऐकू येत होता. "मले काई झालं नाई," तो म्हणाला. मग शांतता. मग पुन्हा, "सांगतलं ना, मी मस्त आहो."

डोमाभाऊंनी विचारलं, "बाई काय म्हनते?"

मी अंदाजानं म्हणालो, "जेवायला बोलावते."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हेडफोन काढून घेतला. "नापास," ते म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

त्यानंतर डोमाभाऊ चळले, असं वस्तीचं मत पडलं. फुटाणे बंद, फाटक बंद, करडीही बंद. सासुरवाडीहून निरोप यायला लागले. नवीन परीक्षा एकच. जोडीतला एक डबीत ठेवायचा, दुसरा कानात घालायचा आणि भांडण लावायचं. त्या एका कानात भांडणाची एकच बाजू यायची आणि मोठमोठ्या कंपन्यांचे हेडफोन धडाधड नापास होऊ लागले. वहिनी म्हणाल्या, "जोडी असून एकच काहून घालता जी? दुसऱ्यानं काय गुन्हा केला?" भाच्यानं तर हात जोडले. "मामा, गिऱ्हाइकाले दोन कान रायतेत." डोमाभाऊ पुढची डबी उघडायचे.

आणखी एक गोष्ट झाली, तिचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. त्या रविवारी लिंबाखाली ते माझ्या उजवीकडे बसले होते, ते आता मला चहाला बोलावलं की खुर्ची उचलून डावीकडे येऊ लागले. मला वाटलं, सावली बघून बसत असतील.

मग एक दिवस दुपारी ते आमच्याकडे आले. लाखनीहून थेट, दुपट्ट्यावर धूळ तशीच. खिशातून डबी काढली. एक तिच्यातच राहू दिला आणि दुसरा माझ्या हातात ठेवला. कुठल्या कानात घाला, हे सांगितलं नाही. मी डाव्या कानात घातला. त्यांनी भांडण लावलं.

आधी नवरा आला नाही. बाई आली. दमलेला, मायेचा आवाज, माझ्या त्याच चांगल्या कानात. "आवो, काय होऊन रायलं तुमाले? मले सांगत काहून नाई?" आणि मग तो, "मले काई झालं नाई." दोघंही एकाच कानात. कुणी गायब नाही.

"बाई काय म्हनते?" डोमाभाऊंनी विचारलं.

मी हेडफोन कानातच राहू दिला. मग म्हणालो, "काय होतंय ते सांगत का नाही, असं विचारते."

डोमाभाऊ खाली बघत दुपट्ट्याची धूळ झटकू लागले. "हो ना जी," ते म्हणाले, "कवाची इचारून रायली थे."

मी त्यांना तिथेच, दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताप, कान, वर्ग, सोडलेली गाणी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हेडफोन माझ्याकडेच ठेवून ते घरी गेले.