मनातलं ओळखायचे नियम

शौकतमामांनी दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्यासाठी फॉर्म केला आहे. वर उजव्या कोपऱ्यात 'रिव्हिजन नऊ', खाली 'तपासले' आणि सही. आमच्या कारखान्यात ते क्वालिटीला आहेत, त्यामुळं रिव्हिजन नंबराशिवाय त्यांच्या हातून साधी चिठ्ठीही सुटत नाही.

हा सगळा खटाटोप एका खेळासाठी. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले योद्धे आन् मांत्रिक व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. गोष्ट सांगणार मामा. स्टोअरमधली सुवर्णा मांत्रीण, मी योद्धा. सुट्टीच्या दुपारी केंदूरला आमच्या पडवीत बसतो. आम्ही विम्याचं काहीतरी करतो, अशी माझ्या आईची समजूत आहे.

भांडण मन वाचण्यावरून सुरू झालं. राजाचा मुकुट कोणी चोरला, ही गोष्ट मामांनी महिनाभर खपून रचली होती. सुवर्णानं पहिल्याच डावात फासा टाकून प्रधानाचं मन वाचलं. मुकुट त्याच्याच पलंगाखाली. गोष्ट संपली, चहा अजून उकळत होता.

"ह्यो नियम रिजेक्ट," मामा म्हणाले आणि घरी गेले.

मग सुधारणा सुरू झाल्या. मन वाचलं की डोकं दुखेल, असं त्यांनी लिहिलं. सुवर्णाच्या मांत्रिणीनं लगेच झोळीत बाम ठेवला. लोखंडी टोपातून मन वाचता येणार न्हाई, असं लिहिलं. पुढच्या डावात राज्यातला कासारसुद्धा टोप घालून बांगड्या भरत होता. मी सहज विचारलं, म्हशीचं मन वाचता येतं का? मामा आठ दिवसांनी उत्तर घेऊन आले. "येतं. पण वैरणीपुरतंच."

नवव्या रिव्हिजनला मात्र त्यांनी फासाच काढून टाकला. समोरच्याला हो किंवा न्हाई एवढंच उत्तर येईल असा प्रश्न विचारायचा, मग दहा आकडे मोजत थांबायचं. हो असेल तर तो डोळे मिटेल.

"मामा, ह्यात जादू कुठं हाय?" सुवर्णा म्हणाली. "एवढं थांबत बसलं तर राक्षस खाऊन जाईल आम्हाला."

मी हसलो. मामा हसले न्हाईत. त्यांनी कागद गोळा केले, आणि पुढचे दोन आठवडे ते खेळायला आलेच न्हाईत.

शेवटी मीच राहू गावाला त्यांच्या घरी गेलो. मामी कॉटवर उशीला टेकून होत्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेलेली. आम्हाला 'घरात जरा आजारपण हाय' एवढंच ठाऊक होतं.

मामा कॉटपाशी उभे होते. "चाय होना?" त्यांनी विचारलं आणि थांबले. मामींचे डोळे उघडेच. "पानी?" पुन्हा तेवढंच थांबणं. पंखा, खिडकी, औषध. कुठल्याच प्रश्नाला घाई नव्हती.

"आधी मी अंदाजानंच करायचो," मामा माझ्याकडं न बघता म्हणाले. "वाटायचं, तीस वर्षांचा संसार, हिच्या मनातलं मला न्हाई कळणार तर कुणाला? चार महिने हिला गोड चहा पाजला. हिला बिनसाखरेचा पायजे होता."

मामींची नजर मामांच्या पायांकडं गेली, तिथून भिंतीकडच्या स्टुलाकडं.

"मामा, तुम्ही बसावं असं वाटतंय का त्यांना?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

मी पुढं झालो. "मामी, मामांनी बसावं का?"

मनातल्या मनात मोजू लागलो. सातला मामींनी डोळे मिटले.

मामा स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.